मुंबईच्या उकाड्यातही सतत थंडी वाजते. आयुर्वेदात यावर काय उपाय आहे?

प्रश्न (दादर) :
माझे वय 34 आहे. भर मे महिन्यातही मला पंख्याचा वारा सोसत नाही, हातपाय गार पडलेले असतात आणि कार्यालयातल्या एसीमुळे दिवसभर शाल पांघरून बसावे लागते. भूक मंदावली आहे आणि दुपारनंतर अगदी गळून जायला होते. अंगात उष्णता कमी असल्याचे सासूबाईंचे म्हणणे पडले, म्हणून दोन आठवडे सुंठ-मिरीचा काढा घेतला. थंडी तशीच राहिली, छातीत जळजळ मात्र सुरू झाली. आता काय करावे?

उत्तर (वैद्य, गिरगाव) :
ताई, काढा तूर्त बंद करावा. शीत हा वात आणि कफ या दोन्ही दोषांचा गुण आहे, त्यामुळे कोरडी त्वचा आणि मलावरोध असणाऱ्याची थंडी वेगळी आणि अंग जड होऊन सुस्ती येणाऱ्याची वेगळी. दोघांनाही सरसकट सुंठ-मिरी देत राहिल्यास पित्त तेवढे भडकते आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. तुमचे नेमके तसेच झालेले दिसते.

गळून जाणे आणि मंद भूक या दोन गोष्टींमुळे मला पांडुरोगाची, म्हणजे रक्तक्षयाची (ॲनिमिया), शंका येते. चरकसंहितेत पांडुरोग्याच्या लक्षणांमध्ये ‘शिशिरद्वेषी’, म्हणजे गारवा नकोसा वाटणारा, असा स्पष्ट शब्द आहे. म्हणून आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो), बी-12 आणि थायरॉईडसाठी टीएसएच तपासून घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही कळवा.

तोवर आंघोळीपूर्वी कोमट तीळतेलाने अभ्यंग करावा. आपल्याकडे घरोघरी खोबरेल वापरतात, पण ते शीत गुणाचे असल्याने तुमच्यासाठी योग्य नाही. फ्रिजमधले अन्न टाळून गरम मऊ भात, मुगाचे वरण आणि तूप असे जेवण ठेवावे.

उत्तर (मुलुंड) :
माझ्या थंडीचे कारण थायरॉईड निघाले. त्याची गोळी चालू असताना मी स्वतःच्या मनाने अश्वगंधा घेणार होते, परंतु तिच्यामुळे थायरॉईडच्या संप्रेरकांचे प्रमाण वाढू शकते, असे सांगून आमच्या वैद्यांनी मला वेळीच थांबवले. तपासणीआधी कृपया काहीही सुरू करू नका.

प्रश्नकर्ती :
टीएसएच आणि बी-12 व्यवस्थित आहे, हिमोग्लोबिन मात्र 9.4 आणि फेरिटिनही बरेच कमी आले. पाळीत पाच-सहा दिवस खूप रक्तस्राव होतो. ते नेहमीचेच म्हणून मी कधी कुणाला सांगितले नव्हते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. सोबत मंडूर हे आयुर्वेदिक औषध घ्यावे का?

उत्तर (वैद्य, गिरगाव) :
स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन 12 च्या खाली असल्यास रक्तक्षय मानतात, तेव्हा तुमच्या थंडीचे कारण बहुधा हेच आहे. मंडूर हाही लोहाचाच कल्प असल्याने गोळ्यांच्या जोडीला परस्पर घेऊ नये. दादरहून वरळीचे पोदार आयुर्वेद रुग्णालय जवळ आहे. तिथे हे अहवाल आणि गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारावे. जेवणाबरोबर किंवा गोळीच्या आसपास चहा घेऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही; आवळा किंवा लिंबू जरूर असू द्या. अतिरक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात घ्या, कारण तो थांबल्याशिवाय लोहाची भरपाई टिकणार नाही.