विश्वासाने तारण की कर्माने? पौल आणि याकोबाचं नक्की भांडण काय आहे

नगरची_सून:
सलाम सगळ्यांना. प्रश्न जुनाच आहे पण आमच्या मंडळीत परवा त्यावरून चांगलंच वाजलं म्हणून विचारते. तरुण संघाने सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना रात्रीचं जेवण द्यायचं ठरवलं, पोळीभाजीची पाकिटं फक्त, फार काही नाही. तर मंडळीचे एक वडील (म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ) म्हणाले हे सोशल वर्क झालं, तारण म्हणजे पापातून सुटका देवाच्या कृपेने होते कर्माने नाही, पुण्य जमवायच्या नादी लागू नका. त्यावर एका मुलाने बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं २:२४ वाचलं, वडिलांनी पौलाच्या रोमकरांस पत्रातलं ३:२८ काढलं, आणि मीटिंग तिथेच बसली. पौल म्हणतो माणूस (मोशेच्या) नियमशास्त्राच्या कर्मांशिवाय विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरतो, याकोब म्हणतो नुसत्या विश्वासाने नाही, कर्मांनी ठरतो. वर दोघंही उदाहरण यहुद्यांचा मूळ पुरुष अब्राहाम याचंच देतात! मग हे विरुद्ध नाही तर काय? प्लीज "दोन्ही महत्त्वाचं" एवढंच सांगू नका, ते पाळकसाहेबांचं सांगून झालंय 😀

शेवटचा_बाक:
अब्राहाम एकच पण प्रसंग वेगळे आहेत ना ताई. पौल रोम ४ मध्ये उत्पत्ती १५ वरून बोलतो, म्हाताऱ्याला मूलबाळ नाही, देव म्हणतो तारे मोज, तो विश्वास ठेवतो आणि तिथेच नीतिमान गणला जातो. याकोब घेतो उत्पत्ती २२, स्वतःच्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवलं ते. मधे कितीतरी वर्षं गेलीत. पौलाला विचारायचंय की देवाने तुला जवळ केलं ते कशाच्या जोरावर, मजुरी म्हणून की मेहेरबानी म्हणून. याकोबाला विचारायचंय की जवळ केल्याला एवढी वर्षं झाली, दिसतंय का काही? देव एक आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं तोच म्हणतो, म्हणजे नुसतं मानणं त्याला विश्वास म्हणून चालतच नाही.

आणि मला तर यातली खरी गंमत वेगळीच वाटते, दोघांचंही भांडण कोण कुठे बसतो यावरून आहे. पौलाच्या गलतीकरांस पत्राचा २ रा अध्याय वाचा. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या (यहुदी नसलेल्यांच्या) पंगतीला बसत होता, यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली तसा हळूच उठून बाजूला झाला. पौलाने सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली, आणि "कर्मांनी नाही, विश्वासाने" हे त्याच दमात येतं. म्हणजे ती कर्मं कुठली, तर सुंता, खाणंपिणं, कोणाबरोबर जेवायचं ते. आता याकोब २ ची सुरुवात बघा, सभेत सोन्याची अंगठीवाला आला की या साहेब बसा, आणि मळक्या कपड्यातला आला की तू तिकडे उभा राहा नाहीतर इथे पायाशी बस. तिथून पुढे जाऊन तो विश्वास मेलेला आहे म्हणतो. आपल्या लोकांना पंगतीचं राजकारण दुसऱ्याने समजवायची गरज नाही, आपले आजेपणजे त्यातूनच इकडे, ख्रिस्ती मंडळीत आले.

कडू_कारलं:
प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५२२ ला याकोबाचं पत्र पेंढ्याचं, म्हणजे कमी मोलाचं म्हटलं होतं. विषय संपला. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला स्वर्ग मिळाला, त्याने कुठे पोळ्या वाटल्या होत्या?

वसईचा_वारा:
@कडू_कारलं पेंढ्याचं म्हटलं पण बायबलमधून काढलं नाही, आणि ते वाक्य नंतरच्या आवृत्त्यांतून त्यानेच गाळलं. चोराचं म्हणाल तर त्याला जेवढा वेळ होता त्यात त्याने येशूची टिंगल करणाऱ्या दुसऱ्याला गप्प केलं, अजून काय करणार बिचारा हात ठोकलेले असताना.

मी कॅथलिक आहे, आणि आम्ही कर्मांनी स्वर्ग विकत घेतो असं ऐकून ऐकून कान किटले. आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये स्पष्ट सांगितलंय की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीच, ना विश्वास ना कर्म, ती कृपा कमावू शकत नाही. फरक आहे तो त्यानंतरच्या वाढीबद्दल बोलताना, आणि तो आहेच, मी नाकारत नाही. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला लूथरन (ल्यूथरच्या पंथाचे) आणि कॅथलिकांनी यावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सही केली, २००६ ला मेथडिस्ट आले, २०१७ ला रिफॉर्म्ड, हेही प्रोटेस्टंट पंथच. पाचशे वर्षं ज्यांनी डोकी फोडली त्यांचं मुद्द्यावर जमलं आणि आपल्याकडे अजून पाकिटांवरून मीटिंग बसते 🙏

केडगाव_लाईन:
पंडिता रमाबाईंचं बघा की. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ओढ कशाने लागली तर लंडनजवळ फुलहॅमला सिस्टर लोक समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळत होत्या ते बघून. मग त्यांना येशू विहिरीवर भेटला त्या शोमरोनी बाईची बायबलमधली गोष्ट कळली. पुढे १८८९ ला विधवांसाठी शारदा सदन काढलं, काम जोरात, आणि त्याच काळाबद्दल त्या स्वतः लिहितात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाल्यावर काम थांबलं का? उलट १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन पोरी घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. म्हणजे दुसऱ्यांचं काम बघून विश्वासाकडे वळल्या, स्वतःचं काम चालू असताना तो विश्वास पुरता पटला, मग काम दसपट. यात आधी काय नंतर काय ते तुमच्या वडिलांनीच सांगावं.

शेवटचा_बाक:
वडिलांचं एक मात्र ऐका, पुण्याचा हिशोब आपल्या हाडात आहे. पाकीट देताना फोटो, स्टेटसला वचन, हे सुरू झालं की ते म्हणतात तेच खरं होणार.

नगरची_सून:
पंगतीचं कधी लक्षातच आलं नव्हतं, थँक्यू. फोटो बंद हे मी पण सांगितलंय, दोघं रुसलेत. आणि आमच्या नाताळच्या जेवणात पहिली पंगत कोणाची असते ते मी इथे लिहीत नाही, वडील पण हे वाचतात 😅

कडू_कारलं:
लिहा लिहा