ॲनिमे आणि मांगा: नवख्याने सुरुवात कोठून करावी?

पहिले_पान

जपानी मांगा (चित्रकथा) आणि ॲनिमे (ॲनिमेशनच्या मालिका व चित्रपट) यांच्याकडे मी आजवर वळलो नव्हतो. मात्र काही जाणत्या वाचकांनी त्यांतील कथनाच्या ताकदीबद्दल जे सांगितले, त्यामुळे आता नीट ओळख करून घ्यावी असे मनापासून वाटते. अडचण अशी की शिफारशी परस्परविरोधी मिळतात. कोणी हजारावर भागांची मालिका सुचवतो, कोणी म्हणतो की आधी चित्रपट पाहावेत, तर कोणी मूळ मांगा वाचल्याशिवाय ॲनिमे पाहूच नये असे बजावतो. शिवाय 'शोनेन', 'शोजो', 'सेइनेन' हे शब्द प्रत्येक चर्चेत येतात. हे कथाप्रकार आहेत की आणखी काही? मला प्रौढांसाठी रचलेले, पूर्ण झालेले आणि आवाक्यातले काही हवे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शाईरेषा

आपल्या शब्दांविषयीच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण इतर प्रश्नांची उत्तरे बरीचशी तिच्यातच दडलेली आहेत. शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलगे, शोजो म्हणजे त्याच वयाच्या मुली, सेइनेन म्हणजे तरुण व प्रौढ पुरुष आणि जोसेइ म्हणजे प्रौढ स्त्रिया. हे कथाप्रकार नसून, कथा ज्या नियतकालिकात क्रमशः छापली जाते त्याचे वाचकवर्ग आहेत. मांगा बहुतेक वेळा आधी नियतकालिकातून प्रकरणाप्रकरणाने येते आणि मग त्या प्रकरणांचे खंड निघतात. त्यामुळे एखादी मांगा कोणत्या नियतकालिकात आली हे कळले, की तिची लय कशी असेल आणि वाचकाकडून ती किती अपेक्षा ठेवील याचा अंदाज बांधता येतो. विषयाचा मात्र बांधता येत नाही. केइजी नाकाझावा वयाच्या सहाव्या वर्षी हिरोशिमावरील अणुबॉम्बच्या हल्ल्यातून वाचले, आणि त्या अनुभवावर त्यांनी रचलेली 'अनवाणी गेन' १९७३ साली 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकातच सुरू झाली. रियोको इकेदा यांची 'व्हर्सायचा गुलाब' १९७२ पासून 'मार्गारेट' या मुलींच्या नियतकालिकात आली, आणि तिचा विषय फ्रेंच राज्यक्रांती हा आहे. मुलांचे किंवा मुलींचे साप्ताहिक म्हणजे हलकेफुलके वाचन, ही समजूत या दोन कृतींपुढे टिकत नाही.

लांबीचे कारणही याच व्यवस्थेत आहे. 'शोनेन जंप' १९६८ साली निघाले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास त्याच्या एका अंकाचा खप ६५ लाख प्रतींवर पोहोचला होता. एका अंकात साधारण वीस मालिका, प्रत्येकीला वीसेक पाने, आणि अंकासोबतच्या पोस्टकार्डावर वाचकांनी कळवलेली पसंती, असा हा मामला असतो. पसंती घसरली तर मालिका काही महिन्यांत गुंडाळली जाते. टिकून राहिली तर ती वर्षानुवर्षे चालते. १९९७ साली सुरू झालेली एइइचिरो ओदा यांची 'वन पीस' याच घडणीतून वाढली. ती उत्तम आहे, तरी पहिल्या ओळखीसाठी मी ती सुचवणार नाही, कारण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवण्याची तिची रीत सवयीने आवडू लागते.

आपल्या अटींत नेमकी बसणारी कृती म्हणजे नाओकी उरासावा यांची 'मॉन्स्टर'. ती १९९४ ते २००१ या काळात 'बिग कॉमिक ओरिजिनल' या प्रौढांच्या नियतकालिकात आली आणि १८ खंडांत पूर्ण झाली. जर्मनीत काम करणारा एक जपानी शल्यविशारद एका लहान मुलाचे प्राण वाचवतो आणि पुढे तोच मुलगा खुनी निघतो, एवढ्या बीजातून उरासावा डॉक्टरच्या जबाबदारीचा प्रश्न ज्या संयमाने उलगडत नेतात, तो संयम मला कादंबरीतही क्वचित आढळला आहे.

हलती_चित्रे

शाईरेषा यांचे विवेचन मांगापुरते पटते, पण नवख्याने चित्रपटापासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. दूरचित्रवाणीवरील ॲनिमे काटकसरीत घडले आहे. ओसामु तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमु'चे प्रक्षेपण १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाले आणि अर्ध्या तासाच्या साप्ताहिक ॲनिमे मालिकेची घडी त्या मालिकेने बसवली. दर आठवड्याला एक भाग पूर्ण करायचा, तर सेकंदाच्या २४ चौकटींसाठी २४ वेगळी चित्रे काढणे शक्यच नव्हते; म्हणून एक चित्र तीन-तीन चौकटींना वापरणे, फक्त ओठ हलवणे, आधीची चित्रे पुन्हा योजणे असे मार्ग रूढ झाले. त्यांतून पुढे स्वतंत्र सौंदर्यदृष्टी निर्माण झाली हे खरे, तरी नवख्या डोळ्यांना ती आधी उणीव वाटते. चित्रपटात हालचालीला अधिक वेळ आणि अधिक हात मिळतात.

१९८५ साली स्थापन झालेल्या स्टुडिओ जिब्लीचे दोन चित्रपट, हायाओ मियाझाकी यांचा 'माझा शेजारी तोतोरो' आणि इसाओ ताकाहाता यांचा 'काजव्यांची समाधी', १६ एप्रिल १९८८ रोजी एकत्रच प्रदर्शित झाले. पहिल्यात आजारी आईच्या परतण्याची वाट पाहणाऱ्या दोन बहिणी आहेत आणि दुसऱ्यात युद्धकाळात उपासमारीला तोंड देणारे बहीण-भाऊ. हे दोन्ही लागोपाठच्या दिवशी पाहावेत. या माध्यमाचा पल्ला किती आहे ते कळेल. दुसरा चित्रपट मात्र लहान मुलांसोबत पाहू नये.

उजवी_बाजू

चित्रपटांबद्दलचा आदर राखून थोडा वेगळा मार्ग सुचवते. चित्रपट हे स्वयंपूर्ण असतात; मांगाचे ॲनिमे होताना काय घडते, हे त्यांतून फारसे समजत नाही, आणि आपला प्रश्न तर दोन्हींच्या ओळखीचा आहे. त्यासाठी हिरोमु आराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही उत्तम निवड आहे. ही मांगा २००१ ते २०१० या काळात चालली आणि तिचे २७ खंड आहेत. २००३ साली तिच्यावर ५१ भागांचे ॲनिमे आले तेव्हा मूळ कथा अर्धवट होती, म्हणून त्या मालिकेने वाटेत स्वतःचा रस्ता धरला आणि वेगळाच शेवट केला. २००९ साली सुरू झालेली ६४ भागांची दुसरी मालिका मांगाला धरून चालली. त्यामुळे 'आधी मांगा की आधी ॲनिमे' याचे सरसकट उत्तर देता येत नाही. ॲनिमे मूळ कथेच्या पुढे जाऊ लागले, तर निर्मात्यांना एक तर भरीचे भाग घालावे लागतात किंवा नवी कथा रचावी लागते. हल्ली तीन महिन्यांच्या सत्रात बारा-तेरा भाग देऊन थांबण्याची पद्धत रुळल्यामुळे ही ओढाताण कमी झाली आहे.

वाचनाविषयी एक सूचना करते. मांगाची पाने, चौकटी आणि संवादांचे फुगे उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. सुरुवातीला नजर अडखळते, पण एखाद्या खंडात ती सरावते. शब्दांमागे धावू नये. रिकामी खोली, पाऊस, पायरीवर ठेवलेली पादत्राणे अशा निःशब्द चौकटी भराभर उलटल्या, तर प्रसंगाचा काळ आणि त्याचा ताण हरवतो.

पहिले_पान

सर्वांचे आभार. आधी दोन्ही चित्रपट पाहतो आणि त्यानंतर 'मॉन्स्टर' हाती घेतो. तिचे ॲनिमेही आहे असे कळले. ते मांगासोबतच पाहावे काय?

शाईरेषा

सोबत पाहू नये. ते ७४ भागांचे असून मांगाशी बरेच एकनिष्ठ आहे, त्यामुळे एकात जे रहस्य अजून उलगडायचे आहे ते दुसऱ्यात आधीच उघड होईल. निदान पहिले तीन-चार खंड वाचून पाहावेत, आणि उरासावा यांच्या चौकटींची संथ गती मानवली तर मांगाच पूर्ण करावी. न मानवल्यास ॲनिमे पहिल्या भागापासून सुरू करावे. कथा त्यातही तितकीच ठामपणे उभी राहते.