वेज घ्यायचाय: चुका पोटात घालणारा की खिशाला परवडणारा?

बंकरनिवासी

नमस्कार मंडळी. वय ४१, हँडिकॅप २२ (म्हणजे राउंडला ठरल्यापेक्षा साधारण तितके फटके जास्त), तोही चांगल्या दिवशी. महिन्यातून दोनदा खारघर व्हॅलीला गोल्फ खेळतो. आयर्नचा गेम-इम्प्रूव्हमेंट सेट (माझ्यासारख्या कच्च्या खेळाडूंसाठीचा) आठ वर्षं जुना आहे, पिचिंग वेज, म्हणजे जवळून उंच फटका मारायचा क्लब, त्यातलाच. त्याच्या जोडीला साहेबांनी बदली होऊन जाताना दिलेला ५६ अंशांचा सँड वेज. त्याच्या खाचांमध्ये आता मातीसुद्धा अडकत नाही, इतक्या त्या पुसल्या गेल्यात.

दुकानात गेलो तर पोरगा म्हणाला, "सर, तुमच्या हँडिकॅपला मागून भरीव असलेला ब्लेड नको, मागून कोरलेला कॅव्हिटी बॅक घ्या. क्लीव्हलंड सीबीएक्स४. ५०, ५४, ५८ तिन्ही घेऊन टाका." तिन्हींचा आकडा ऐकून मी पाणी मागितलं. बजेट पंचवीस हजार, आणि तेही घरी अठरा सांगितलेत. माझा एक दोस्त म्हणतो टायटलिस्टच्या व्होकी वेजशिवाय काही घेऊ नकोस. कॅव्हिटी बॅकने खरंच माझ्यासारख्याच्या चुका पोटात घातल्या जातात का? की नुसतंच आपल्याला बरं वाटावं म्हणून? डिसेंबरात मेव्हणा अमेरिकेतून येतोय, त्याच्याकरवी मागवता येईल.

एडिसनचा_अण्णा

मेव्हण्याला कॉस्टकोत पाठवा. त्या दुकानाच्या स्वतःच्या किर्कलंड ब्रँडचा तीन वेजचा सेट मिळतो, ५२-५६-६०. तो पहिल्यांदा आला तेव्हा तिन्ही मिळून १६० डॉलरच्या आसपास होते. व्होकीचा एसएम१० आला तेव्हा एकट्याची किंमत १८९. हिशेब तुम्हीच करा. मी दोन सीझन वापरतोय. दिसायला ब्लेडच आहे, कॅव्हिटी वगैरे नाही. ६०चा गॅरेजमध्ये पडून आहे. त्याने मी एकदा शेजारच्या होलवरच्या बाईंची माफी मागितली, तेव्हापासून तो बॅगेत नसतो.

सरळरेषा

व्होकीच घ्या. एसएम१०, ५६ला १० बाउन्सचा (तळाचा कोन) एस ग्राइंड (तळाला दिलेला आकार). सहा महिन्यांनी नाही आवडला तर विकता येतो, लोक रांगेत असतात. बाकी सगळं मार्केटिंग.

टूलरूमकाका

बंकरनिवासी, काही घेण्याआधी तुमच्या पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, किती आहे ते मोजा किंवा कंपनीच्या साइटवर बघा. माझ्या पहिल्या सेटचा ४८ होता. तुमच्यासारख्या सेटचा ४३ ते ४५च्या घरात निघेल. चेंडू लांब गेला की गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून कंपन्यांनी लॉफ्ट कमी करत आणले आणि क्लबवरचं नाव तेच ठेवलं. ४४ धरला तर त्याच्यानंतर तुमच्याकडे थेट ५६. मध्ये बारा अंशांचा खड्डा. नव्वद-शंभर यार्डांवर तुम्ही पिचिंग अर्धवट दाबून मारत असणार आणि मग स्वतःवर चिडत असणार. हा खड्डा भरणं हे पहिलं काम. त्याला एकच क्लब लागतो, तीन नाही.

आता चुका पोटात घालण्याचं. भोसरीत टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, त्यामुळे कोणी 'फर्गिव्हिंग' म्हटलं की माझा प्रश्न ठरलेला: कुठली चूक?

कॅव्हिटी बॅक ज्या चुका सांभाळतो त्या फेसवरच्या, म्हणजे चेंडू लागतो त्या बाजूवरच्या. चेंडू टोकाला लागला, टाचेला (दांड्याकडच्या कडेला) लागला. मागचं मटेरियल काढून वजन कडेला नेलं की डोकं कमी पिळतं आणि चेंडू फार आखूड पडत नाही. क्लीव्हलंडवाले तर होझलच्या (दांडा बसतो त्या नळीच्या) आत हलका गाभा भरतात, त्याला झिपकोअर म्हणतात. त्यामुळे टाचेकडे ओढला जाणारा गुरुत्वमध्य फेसच्या मध्याकडे सरकतो. मी कापून बघितलेला नाही, पण तत्त्व चोख आहे.

फक्त वेज हातात घेऊन आपण ती चूक करतो का? मी येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर एका मित्राचा पाहुणा म्हणून जातो. एकदा सकाळी तिथे फेसवर पायाला लावायची पावडर मारून चाळीस यार्डांवरून ३० चेंडू मारले. ठसे बघितले तर बहुतेक सगळे एका रुपयाच्या नाण्याच्या आसपास. मी खूश झालो. मग खाली बघितलं. ११ वेळा चेंडूच्या आधी माती उचललेली, आणि दोनदा धार थेट चेंडूच्या कमरेत बसून तो ग्रीनवरून (छिद्राभोवतीच्या बारीक गवतावरून) सुसाट पलीकडे. ह्या १३ चुकांना कॅव्हिटीचा काडीचा उपयोग नाही. त्या पोटात घालतो तो सोल, क्लबचा तळ.

क्लब सरळ टेकवला की पुढची धार जमिनीपासून किंचित उचललेली राहते आणि तिच्यामागचं पोट टेकतं. तो कोन म्हणजे बाउन्स. चार-सहा अंश म्हणजे नांगराचा फाळ, बारा-चौदा म्हणजे होडीचा तळ. चेंडूच्या इंचभर आधी पडलात तर फाळ रुततो आणि होडी घसरत पुढे जाते. जुन्या काळचा गोल्फर जीन साराझेन याने हेच केलं होतं. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) रुतणाऱ्या क्लबच्या तळाला त्याने डाग देऊन धातू चढवला, विमानाच्या शेपटीवरून कल्पना सुचली असं तो सांगायचा, आणि १९३२ची ब्रिटिश ओपन तो क्लब घेऊनच जिंकला. डाग देऊन! आमच्या शॉपमधल्या कुठल्याही वेल्डरने त्याला चहा पाजला असता.

म्हणून माझं मत असं. तो खड्डा भरणारा ५०चा गॅप वेज तुम्ही बहुतेक वेळा पूर्ण स्विंगने मारणार. तिथे तो आयर्नच्याच जातीचा क्लब आहे, म्हणून तिथे कॅव्हिटी बॅक घ्या, दुकानातला पोरगा एवढ्यापुरता बरोबर. आणि हा जुना घेतला तरी चालतो. लोक पन्नाशीचा वेज कमी वापरतात, खाचा शाबूत असतात. नखाची कड खाचेवरून आडवी ओढा. नख अडलं पाहिजे, घसरलं तर तिथेच ठेवून या. सँड वेज मात्र जुना घेऊ नका. बंकरची वाळू म्हणजे पॉलिश पेपरच. व्होकीवाले स्वतःच सांगतात की ७५ राउंडनंतर फरक पडायला लागतो. तुम्ही महिन्याला दोन राउंड खेळता, म्हणजे नवा घेतलात तर तीन वर्षं बघायला नको. पावसात गवत ओलं असताना पुसट खाचांचा चेंडू उंच उडतो, स्पिन नसते, ग्रीनवर थांबत नाही. खारघरला जूनपासून सप्टेंबरपर्यंत हेच चालणार.

रॉ फिनिश (मुलामा नसलेला) घेऊ नका. तुमच्याकडच्या हवेत गणपतीपर्यंत लाल होईल. गंजाने स्पिन वाढते म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा.

छावणीची_सून

काकांच्या होडीला माझा एक खडक. आम्ही नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे अशा कोर्सवर खेळलोय जिथे ग्रीन नव्हतेच, ब्राउन होते, वाळूत तेल कालवून दाबलेले. फेअरवे म्हणजे मुरूम आणि त्याला चिकटून राहिलेलं गवत. तिथे १४ बाउन्सचा वेज नेलात की तळ आपटून उडतो आणि धार चेंडूच्या डोक्यात. मी वर्षानुवर्षं कमी बाउन्सच्या ५२वर निभावलं. एप्रिल-मेमध्ये तुमची खारघरची जमीन काय लोण्याची असते?

टूलरूमकाका

वहिनी, बरोबर पकडलंत. मी जून-सप्टेंबरचंच बोलत राहिलो. म्हणूनच ५६ला १४ सांगत नाही, दहा-बाराच्या मध्ये सांगतो. मेमध्ये तुमच्यासारखं ५२ किंवा पिचिंग घेऊन ठोकरत न्यावं, कोणी अडवलंय.

पण बाउन्स क्लबवर कोरलेला असतो तेवढाच मिळतो असं नाही, हे मी महागात शिकलो. तीन वर्षांपूर्वी वाटलं, माझा ५६ फार आपटतोय. घरी बेंच ग्राइंडर आहे. तळाची मागची कड थोडी घासली, मारून बघितलं, अजून घासली. तिसऱ्यांदा घासताना पाणी द्यायला विसरलो आणि क्लबची टाच निळी पडली. वजन किती गेलं ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं, १९ ग्रॅम. क्लब हातात खुळखुळ्यासारखा लागायला लागला. मागे शिशाची पट्टी चिकटवली, ती पावसात गळून पडली. हिने काटा पुन्हा वापरायला नकार दिला तो वेगळाच.

त्यानंतर डोकं चाललं. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग कुठे टेकतात हे बघायला आम्ही प्रशियन ब्लू लावतो. ती निळी शाई तळाला बोटाने पातळ फासली, प्लायवूडची फळी अंगणात ठेवली आणि चेंडू न ठेवता फळीला नुसता चाटून जाईल असा स्विंग केला. फळीवर निळी बारीक रेघ, आणि तळाची शाई फक्त धारेवरून पुसलेली. मागचं पोट जसंच्या तसं निळं. म्हणजे दहा अंशांचे पैसे दिले होते आणि एकही वापरत नव्हतो. कारण हात चेंडूच्या खूप पुढे. हात जितके अंश पुढे झुकतात, तितका बाउन्स जवळजवळ कमी होतो. चेंडू मागच्या पायाशी ठेवायची सवय होती, तो स्टान्सच्या मध्याच्या जरा पुढे आणला, हात सरळ ठेवले. फळीवर रेघेऐवजी दोन बोटं रुंद पट्टा उमटला. ग्राइंडर लावायच्या आधी हे केलं असतं तर.

बंकरनिवासी

काका, पिचिंग ४४ निघाला! साइटवर होतं, आठ वर्षांत कधी बघितलं नाही.

ठरवलं असं: ५०चा सीबीएक्स जुना शोधतोय, पनवेलला एकाकडे सीबीएक्स२ आहे, फोटोत खाचा बऱ्या दिसतात, सहा हजार म्हणतोय. सँड वेज नवा, ५६, दहा बाउन्स. ब्लेड घेऊ की कॅव्हिटी हे अजून ठरत नाही. आणि ५८चं काय?

टूलरूमकाका

फोटोत खाचा सगळ्यांच्याच बऱ्या दिसतात. नख घेऊन जा. आणि शाफ्ट (दांडा) बघा. तुमच्या आयर्नना ग्रॅफाइट असेल आणि तो जड स्टीलचा निघाला तर पूर्ण स्विंगला टायमिंग बिघडेल.

५६ला ब्लेड की कॅव्हिटी, यावर मी झोप घालवणार नाही. तळ रुंद असलेला आणि स्वस्त पडेल तो घ्या. अण्णांच्या सेटमधला एकटा ५६ मेव्हण्याने आणला असता तर बरं होतं, पण ते सुटा विकत नाहीत. ५८ नको. पन्नास यार्डांच्या आत तुम्ही ५६ने दहापैकी सहा ग्रीनवर ठेवायला लागलात की मला लिहा.

बंकरनिवासी

शनिवारी पुण्याला येतोय, सासरी वाकडला. फळी आणि शाई बघायला आलो तर चालेल का?

टूलरूमकाका

या ना. सकाळी नऊच्या आत या, नंतर अंगणात ऊन येतं. साहेबांचा जुना ५६ आणा, त्याच्यावरच लावू, नव्याला कशाला. आणि जुनी पँट घाला, ती शाई धुऊन निघत नाही.