रंगमंचावर खरोखर खाता येईल असे खोटे जेवण कसे बनवावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या हौशी नाट्यसंस्थेत प्रॉपर्टीची, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंची, जबाबदारी माझ्याकडे आहे. सध्या ज्या नाटकाच्या तालमी सुरू आहेत, त्याच्या दुसऱ्या अंकात मेजवानीचा मोठा प्रवेश आहे. अख्खी भाजलेली कोंबडी टेबलावर येते, यजमान ती सर्वांसमोर कापतो, सूप वाढले जाते, पेल्यांत लाल मद्य ओतले जाते आणि पाच नट सुमारे २० मिनिटे खात-पीत बोलत राहतात. पाचांपैकी दोघे शाकाहारी आहेत आणि एकीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. नाटकाचे १२ प्रयोग ठरले आहेत.

पहिल्या प्रयत्नात मी पांढऱ्या पावाचे काप कॅरमेलच्या पाण्याने रंगवले. पाचव्या रांगेतून ते अगदी खरे वाटत होते, परंतु यजमानाची भूमिका करणाऱ्या नटाने एक घास घेतला आणि भिजलेल्या पावाचा लगदा त्याच्या टाळूला असा चिकटला की त्यानंतरच्या स्वगताची पहिली दोन वाक्ये कोणालाच कळली नाहीत. तालीम थांबवून त्याला पाणी द्यावे लागले. दिसायला खरे, गिळायला सोपे आणि पाचही जणांना चालेल असे काय करता येईल?

उत्तर १

तुमच्या पावाची अडचण फार जुनी आहे आणि तिचे मूळ रंगात नसून क्रमात आहे. आपण आधी ‘हे कोंबडीसारखे कसे दिसेल’ असा विचार करतो आणि मग ते नटाच्या तोंडात कसे वागते ते पाहतो. वास्तविक संहिता हातात घेऊन प्रत्येक घासानंतर कोणते वाक्य येते आणि त्याला किती क्षण मिळतात, हे आधी लिहून काढायला हवे. ज्या घासानंतर लगेच बोलायचे आहे, तो पदार्थ दोन-तीनदा चावून घशाखाली गेला पाहिजे. पाव, बिस्कीट, केक आणि उकडलेल्या अंड्यातील पिवळा बलक हे सर्व लाळ शोषून घेतात, म्हणून ते केवळ ऐकणाऱ्या पात्रांच्या ताटात ठेवावेत. पिकलेले केळे, कलिंगड, शिजवलेले नाशपाती आणि मऊ उकडलेला बटाटा बोलणाऱ्या पात्रांसाठी सोयीचे पडतात.

कोंबडीबद्दल सांगायचे तर ती संपूर्ण खाण्याजोगी करण्याच्या फंदात पडू नका. कागदाच्या लगद्याचा पोकळ सांगाडा करा, त्यावर रंग आणि वार्निश चढवा आणि छातीच्या बाजूला, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या अंगाला, तळहाताएवढी खाच ठेवा. त्या खाचेत एक उथळ स्टीलची वाटी घट्ट बसवा आणि खाण्याचे काप त्या वाटीत रचा. यजमान सुरी चालवण्याचा अभिनय सांगाड्याच्या कडेला करतो आणि काटा मात्र वाटीत घालतो. सुरी बोथट असावी आणि ही हालचाल नटाने पहिल्या आठवड्यापासून त्याच सांगाड्यावर करून पाहावी, कारण ऐन वेळी त्याचा हात खाच शोधू लागला तर सारा बनाव उघडा पडतो. आणखी एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते: रंगाच्या डबीवर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ तो रंग खाण्यायोग्य आहे असा होत नाही. खाण्याच्या कापांचा रंगवलेल्या भागाला स्पर्शही होता कामा नये.

कापांसाठी मी नाशपाती वापरते. साल काढून साधारण एक सेंटिमीटर जाडीचे लांबट काप करावेत, लिंबाचे काही थेंब टाकलेल्या पाण्यात ते मंद आचेवर शिजवावेत आणि सुरीचे टोक सहज आत जाऊ लागले की लगेच थंड पाण्यात काढावेत. फार शिजले तर काट्यावर तुटून पडतात. मग कपड्यावर टिपून कोरडे करावेत आणि केवळ एका कडेला दाट कॅरमेल ब्रशने लावावे. पांढरट मांस आणि त्याच्या काठाला भाजलेली त्वचा, एवढा भास त्या एका पट्टीने होतो. हे कॅरमेल गोडाचे नव्हे, रंगाचे असते. साखर गर्द तपकिरी होईपर्यंत वितळवावी आणि मग त्यात अगदी थोडे थोडे गरम पाणी घालावे. पाणी पडताच ते जोराने उसळते, म्हणून भांडे खोल असावे आणि तोंड दूर ठेवावे. इतके गर्द कॅरमेल कडवट असते, तेव्हा थर पातळच द्या.

उत्तर २

मी नट म्हणून एका बाजूची भर घालतो. खाण्याचे पदार्थ रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा समोर आले तर नट घाबरून घास लहान करतो किंवा खातच नाही, आणि प्रेक्षकांना ते तत्काळ कळते. मला तालमीत आठवडाभर आधी तोच पदार्थ त्याच आकारात मिळाला, तेव्हा कोणत्या शब्दावर घास घ्यायचा आणि कोणत्या शब्दापूर्वी गिळायचा, हे संवादासारखेच पाठ झाले. काप बाहेर दिसायला मोठा असला तरी त्याला खालच्या बाजूने आधीच चिरा दिलेल्या असाव्यात, म्हणजे काट्याने बोटाच्या पेराएवढा तुकडा आपोआप सुटतो.

पेयांत बुडबुडे असलेले काहीही देऊ नका, कारण ढेकर कधी येईल यावर नटाचा ताबा नसतो. थंड कोरा चहा रंगाने उत्तम दिसतो, पण त्याच्या तुरटपणाने तोंड कोरडे पडते. पिवळसर मद्यासाठी कॅरमेलचे दोन थेंब टाकलेले पाणी मला अधिक बरे वाटते. आणि टेबलावर एक पेला साध्या पाण्याचा असू द्या, तो पात्राचाच पेला आहे असे दिग्दर्शकाकडून ठरवून घ्या.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सूप घेऊन येणारी मुलगी तीन पायऱ्या उतरून येते आणि तिच्या हातात चार वाट्यांचा ट्रे असतो, त्यामुळे सांडण्याची भीती वाटते. शिवाय सारे काही प्रयोगाच्या किती आधी बनवून ठेवावे?

उत्तर ३

मी व्यवसायाने स्वयंपाकघरात काम करते, म्हणून या दोन्ही प्रश्नांना उत्तर देते. सुपाच्या वाटीचा दोन-तृतीयांश भाग अगर-अगरने, म्हणजेच चायना ग्रासने, घट्ट बसवून घ्या आणि त्याला सुपाचाच रंग द्या. वर केवळ तीन-चार चमचे खरे पातळ सूप ओता. चमचा बुडतो, वर येतो, पिता येते, पण सांडायला फारसे काही उरत नाही. प्रमाण साधारण १०० मिलिलिटर पाण्याला १ ग्रॅम पूड असे धरा आणि मिश्रण दोन-तीन मिनिटे नीट उकळू द्या. येथे जिलेटिन वापरू नये. ते प्राणिजन्य असल्याने तुमच्या शाकाहारी नटांना चालणार नाही आणि सुमारे ३० ते ३५ अंश सेल्सिअसला वितळू लागते, तेव्हा दिव्यांच्या झोताखाली त्याचा भरवसा नाही. अगर-अगर समुद्री शेवाळापासून बनते आणि एकदा बसले की सुमारे ८५ अंशांपर्यंत पुन्हा वितळत नाही.

वेळेबाबत मी कठोर आहे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात, म्हणून शिजवलेले किंवा चिरलेले काहीही फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एक तासच. हा हिशेब तयारीच्या टेबलापासून धरायचा, पडदा उघडल्यापासून नव्हे. काप सकाळी शिजवून फ्रिजमध्ये ठेवा, मध्यंतरात किंवा अंक बदलताना वाटीत रचा आणि प्रयोगानंतर उरलेले टाकून द्या. दुसऱ्या प्रयोगासाठी ते जपून ठेवण्याचा मोह होतो, पण १२ प्रयोग म्हणजे १२ वेळा ताजे, हे आधीच अंदाजपत्रकात धरावे. शेंगदाण्याच्या बाबतीत केवळ पदार्थात तो नसणे पुरेसे नाही. सुरी, पाट, ब्रश आणि भांडी या नाटकापुरती वेगळी ठेवा, विकतच्या प्रत्येक पाकिटावरील घटकांची यादी वाचा आणि त्या अभिनेत्रीला ती स्वतः वाचू द्या. तिची औषधे विंगेत कोठे ठेवली आहेत, हे रंगमंच-व्यवस्थापकाला ठाऊक असले पाहिजे.

उत्तर १

लाल मद्याचे राहिले होते. द्राक्षाचा रस निम्म्याहून अधिक पाणी घालून द्या. तो कपड्यांवर पडला तर डाग राहतो आणि लाकडावर वाळला तर चिकट होतो, म्हणून विंगेत ओला कपडा तयार ठेवा. तुमच्या प्रकाशयोजनेत निळा किंवा हिरवा प्रकाश आहे का, हेही पाहा. त्या प्रकाशात लाल पेय जवळजवळ काळे दिसते आणि कॅरमेलचा तपकिरी काठही करपल्यासारखा भासतो. दिवे लावून, शेवटच्या रांगेत बसून एकदा पाहिल्याशिवाय रंग पक्का करू नका.

प्रश्नकर्ती

काल नाशपातीचे काप घेऊन तालीम झाली. यजमानाने तीनदा चावून घास गिळला आणि स्वगत पहिल्या शब्दापासून स्पष्ट ऐकू आले. अगर-अगरच्या वाट्या पायऱ्यांवरून तीनदा नेऊन पाहिल्या, एकदाही सांडले नाही. प्रवेशाच्या शेवटी मात्र निळा प्रकाश आहे आणि त्यात कापांची कड खरोखरच काळी पडली. कॅरमेल निम्मे पातळ करून उद्या पुन्हा शेवटच्या रांगेतून पाहणार आहे. सांगाड्याची खाच नटाला नजर न वळवता सापडावी म्हणून तिच्या कडेला आतून जाड दोऱ्याची गाठ बसवली आहे. काट्याचे टोक त्या गाठीला लागले की त्याला जागा कळते.