टॉरेंट सुरू असताना घरातील सगळेच इंटरनेट मंदावते : कारण कसे शोधावे?

प्रश्न

माझ्या घरगुती ब्रॉडबँड जोडणीचा वेग डाउनलोडसाठी सेकंदाला ४० मेगाबिट आणि अपलोडसाठी २ मेगाबिट आहे. लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांच्या आयएसओ फाइली आणि इंटरनेट आर्काइव्हवरील काही सार्वजनिक संग्रह मी टॉरेंटने, म्हणजे वापरकर्त्यांनी फाइलीचे तुकडे थेट एकमेकांना देण्याच्या पद्धतीने, उतरवून घेतो आणि ते पूर्ण झाल्यावरही इतरांना मिळत राहावेत म्हणून सीडिंग सुरू ठेवतो. त्यासाठी क्यूबिटटॉरेंट वापरतो.

हा प्रोग्राम चालू असला की घरातील प्रत्येक उपकरणावरचे इंटरनेट रखडते. साधे संकेतस्थळ उघडायला पाच-सहा सेकंद लागतात, व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो आणि वेगचाचणीत डाउनलोड जेमतेम ५ मेगाबिट दिसते. मला पडलेले कोडे असे, की त्याच वेळी टॉरेंटचे स्वतःचे डाउनलोड ६ मेगाबिटच्या वर जात नाही. ४० मेगाबिटांपैकी दोन्ही मिळून ११ वापरात असतील, तर उरलेले कोठे जातात? याहून विचित्र गोष्ट म्हणजे काहीही उतरवत नसताना, नुसते सीडिंग चालू असले तरी हाच त्रास होतो. प्रोग्राम बंद करताच सर्व काही लगेच सुरळीत होते. मी संगणक वाय-फायऐवजी केबलने राउटरला जोडून पाहिला, पण फरक पडला नाही. नेमके काय तपासावे, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

टॉरेंटसाठी ठरवलेले पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्यांसाठीचे क्रमांकित दार, राउटरवर उघडलेले आहे का, हे आधी पाहावे. पोर्ट बंद असेल तर इतर पिअर (तीच फाइल देणारे-घेणारे संगणक) आपल्याकडे स्वतःहून जोडणी करू शकत नाहीत आणि वेग कमी राहतो. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा आयपी पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला असेल, तर सेवा पुरवणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे असे समजावे. तशा जोडणीवर आपल्या राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही.

प्रतिसाद २

वरील माहिती बरोबर आहे, परंतु ती टॉरेंटच्या स्वतःच्या वेगासंबंधी आहे. येथे तक्रार घरातील बाकीचे सर्व मंदावण्याची आहे, आणि तिचे कारण प्रश्नातच दडलेले आहे : नुसत्या सीडिंगनेही त्रास होतो. म्हणजे डाउनलोडचा मार्ग मोकळा आहे आणि अपलोडचा मार्ग तुंबलेला आहे.

अपलोडचा वेग २ मेगाबिट, म्हणजे आठाने भागल्यावर सेकंदाला २५० किलोबाइट. अपलोडवर मर्यादा घातलेली नसेल, तर टॉरेंट प्रोग्राम ही सगळी जागा सहज व्यापतो, कारण घेणारे पिअर पुष्कळ असतात. लाइनवर जेवढे मावते त्याहून अधिक पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे) येऊ लागली की मोडेम ती टाकून न देता आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, रांगेत उभी करतो. बफर २५६ किलोबाइटांचा असेल आणि भरलेला असेल, तर त्याच्या शेवटी लागलेल्या पॅकेटला घराबाहेर पडायलाच एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. घरातून निघणारे प्रत्येक पॅकेट, मग ते कोणत्याही उपकरणाचे असो, याच रांगेतून जाते. उपकरणांच्या अवाजवी मोठ्या बफरांमुळे होणाऱ्या या विलंबाला बफरब्लोट म्हणतात.

आता संकेतस्थळ उघडण्यात काय घडते ते पाहावे. आधी नावावरून पत्ता शोधणे, मग टीसीपी (पोच घेत माहिती पाठवण्याची नेहमीची पद्धत) जोडणी, मग सुरक्षित जोडणीची बोलणी, आणि त्यानंतर पानाची मागणी, अशा किमान चार फेऱ्या (पाठवणे आणि उत्तर परत येणे) होतात. प्रत्येक फेरीला २० मिलिसेकंद लागत असतील तर हे सारे जाणवतही नाही. प्रत्येकीला सव्वा सेकंद लागला, तर पहिले अक्षर दिसायलाच पाच सेकंद जातात. आपण सांगितलेला वेळ याच्याशी जुळतो.

हरवलेल्या मेगाबिटांचे उत्तरही येथेच आहे. टीसीपीने डाउनलोड करताना मिळालेल्या माहितीची पोच सतत परत पाठवावी लागते, आणि ती पोच आल्याशिवाय पाठवणारा पुढचे पाठवत नाही. बहुतेक ठिकाणी नवी जोडणी दहा पॅकेटांनी, म्हणजे सुमारे १५ किलोबाइटांनी सुरू होते आणि प्रत्येक फेरीला तो आकडा साधारण दुप्पट होत जातो. पाच फेऱ्यांत सुमारे ४५० किलोबाइट येतात. एका फेरीला २० मिलिसेकंद लागत असतील तर हे काम एक दशांश सेकंदात होते; सव्वा सेकंद लागत असेल तर सहा सेकंद खर्च होतात. म्हणून डाउनलोडची बाजू रिकामी असूनही ती भरता येत नाही. उरलेले मेगाबिट कोणी खाल्लेले नाहीत. ते मागण्याची पाळी आपल्या जोडण्यांवर वेळेत येत नाही, एवढेच.

हे पटवून घेण्यासाठी कोणतेही सेटिंग बदलण्याआधी पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मोजावे. एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला सतत पिंग लावून ठेवावे, मग टॉरेंट सुरू करावे. राउटरपर्यंतचा वेळ तसाच राहून बाहेरचा वेळ कित्येक पटींनी वाढला, तर निदान पक्के झाले. दोन्ही वाढले तर दोष घरातल्या जोडणीत आहे, आणि मग वेगळ्या दिशेने शोध घ्यावा लागेल. वेगचाचणीचा आकडा हे सांगू शकत नाही. बहुतेक लोक तिथेच थांबतात आणि विनाकारण महागडी योजना घेतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजले. टॉरेंट बंद असताना राउटर १ मिलिसेकंद आणि बाहेरचा सर्व्हर १८ मिलिसेकंद. नुसते सीडिंग सुरू असताना राउटर १ मिलिसेकंदच, पण बाहेरचा सर्व्हर ११०० ते १४०० मिलिसेकंद. टॉरेंट बंद ठेवून घेतलेल्या चाचणीत अपलोड १.८ मेगाबिट आले.

दोन शंका आहेत. मर्यादा किती ठेवावी? आणि टॉरेंटमध्ये यूटीपी नावाची पद्धत असून ती इतर वापराला वाट करून देते असे वाचले होते. ती माझ्याकडे चालू असूनही हे का होते?

प्रतिसाद २

मोजलेल्या अपलोडच्या सुमारे पाऊण हिस्सा ठेवावा. १.८ मेगाबिट म्हणजे २२५ किलोबाइट, तेव्हा क्यूबिटटॉरेंटमध्ये अपलोडची मर्यादा १७० लिहावी. तिथला आकडा किलोबाइटांत असतो आणि चाचणी मेगाबिटांत दाखवते, हे लिहिताना लक्षात ठेवावे. शून्य लिहू नये, कारण तेथे शून्याचा अर्थ अमर्याद असा होतो. पिंग पुन्हा मोजून ते ३०-४० मिलिसेकंदांच्या आसपास स्थिरावेपर्यंत मर्यादा थोडी थोडी खाली आणावी. फार खाली मात्र नेऊ नये : बिटटॉरेंटमध्ये पिअर साधारणतः जो त्यांना देतो त्यालाच प्राधान्याने देतात आणि हा हिशेब दर दहा सेकंदांनी नव्याने होतो, त्यामुळे अपलोड अगदी आवळले तर आपले डाउनलोडही घसरते.

यूटीपीबद्दल आपण वाचले ते खरे आहे. तिच्यामागची लेडबॅट ही पद्धत आरएफसी ६८१७ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात २०१२ साली मांडली गेली. पॅकेटांना लागणारा वेळ वाढू लागला की रांग साचते आहे असे ओळखून ती मागे सरते, आणि तिने वाढवलेला विलंब १०० मिलिसेकंदांच्या आत राहावा असा तिचा प्रयत्न असतो. परंतु सगळेच पिअर यूटीपीने जोडलेले नसतात. जे साध्या टीसीपीने जोडलेले असतात त्यांचे अपलोड बफर भरेपर्यंत थांबत नाही, आणि असे थोडे पिअरही पुरतात. शिवाय सेटिंगमध्ये वेगाची मर्यादा यूटीपीलाही लागू करण्याचा आणि वाहतुकीच्या अतिरिक्त भारालाही लागू करण्याचा, असे दोन वेगळे पर्याय असतात. दोन्ही चालू आहेत याची खात्री करावी. नाहीतर १७० लिहूनही प्रत्यक्षात त्याहून अधिक बाहेर जाईल.

प्रतिसाद ३

येथे निदान झालेच आहे, तरी अशीच लक्षणे असलेल्या इतरांसाठी एक वेगळे कारण नोंदवतो. टॉरेंट बंद केल्यावर इंटरनेट लगेच सुधारले तर दोष रांगेचा. पण काही मिनिटे मंदच राहिले किंवा राउटर बंद करून पुन्हा चालू करावा लागला, तर राउटरची जोडण्या लक्षात ठेवण्याची नोंदसारणी भरली असण्याचा दाट संभव आहे. घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीची नोंद राउटर ठेवतो. टॉरेंटचे पिअर आणि डीएचटी (पिअर शोधण्याची विकेंद्रित यंत्रणा) मिळून अशा शेकडो नोंदी तयार करतात, आणि जुन्या, कमी मेमरीच्या राउटरांत जागा अपुरी पडते. त्यात अनेक राउटर ज्यावर चालतात त्या लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे नीट बंद न झालेल्या टीसीपी जोडणीची नोंद तब्बल पाच दिवस राहू शकते. अशा वेळी वेगमर्यादेने काही होत नाही. क्यूबिटटॉरेंटमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा मुळात ५०० असते, ती २०० वर आणि प्रत्येक टॉरेंटची ४०-५० वर आणावी.

प्रश्नकर्ता

मर्यादा १७० ठेवल्यावर पिंग ३० मिलिसेकंदांवर आले, वेगचाचणीत डाउनलोड ३० मेगाबिटांच्या पुढे गेले आणि संकेतस्थळे पूर्वीसारखी उघडू लागली. तरीही संध्याकाळी मधूनच पुन्हा सर्व रखडते. कंपनी टॉरेंटचा वेग मुद्दाम रोखत असेल का? व्हीपीएन (सगळी वाहतूक सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) घेतल्याने फायदा होईल का?

प्रतिसाद २

असे प्रकार जगात घडलेले आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट ही कंपनी बिटटॉरेंटच्या जोडण्या बनावट पॅकेटांनी तोडत असल्याचे उघड झाले होते. पण तशा रोखण्यात फटका टॉरेंटला बसतो, बाकीच्याला नाही. आपल्याकडे सगळेच रखडते, म्हणून हा संशय येथे लागू पडत नाही. व्हीपीएनने रांग मोकळी होणार नाही. उलट प्रत्येक पॅकेटाला जादा वेष्टन लागून अपलोड थोडे अधिक भरेल.

संध्याकाळी आणखी कोण अपलोड करते ते पाहावे. फोनमधील छायाचित्रे आपोआप क्लाउडवर जाणे हे नेहमीचे कारण आहे. टॉरेंटमध्ये घातलेली मर्यादा फक्त टॉरेंटला बांधते. फोनला ती ठाऊक नसते. दोघे मिळून २२५ किलोबाइटांच्या वर गेले की रांग पुन्हा उभी राहते.

प्रतिसाद ४

यावर खरा इलाज राउटरमध्ये आहे. आपल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालत असेल, तर त्यात एसक्यूएम नावाचे, रांगा सांभाळणारे पॅकेज बसवता येते. त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत निवडून अपलोड आणि डाउनलोडचे आकडे मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के लिहावेत. लाइनपेक्षा थोडा कमी वेग मुद्दाम ठेवल्यामुळे रांग मोडेमच्या बफरमध्ये न साचता राउटरमध्ये तयार होते, आणि तेथे प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देऊन पाळीपाळीने पुढे सोडले जाते. मग टॉरेंट आणि छायाचित्रे एकाच वेळी चालू असली, तरी कॉलच्या लहान पॅकेटांना त्यांच्यामागे ताटकळावे लागत नाही. काही तयार राउटरांत हीच सोय क्यूओएस या नावाने मिळते, पण तिचा दर्जा सारखा नसतो; चालू करून पिंग मोजल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. वेगवान जोडणीवर या कामाचा राउटरच्या प्रोसेसरवर बराच ताण येतो, मात्र ४० मेगाबिटांना साधारण राउटरही पुरतो.

राउटर बदलणे शक्य नसेल, तर क्यूबिटटॉरेंटमधील पर्यायी वेगमर्यादा वेळापत्रकाने लावून संध्याकाळपुरते अपलोड ८० किलोबाइटांवर आणावे आणि रात्री पुन्हा १७० करावे. एकाच वेळी देण्याच्या जागाही, म्हणजे अपलोड स्लॉट, एकूण चार-पाचच ठेवावेत. १७० किलोबाइट वीस जणांत वाटले तर कोणालाच धड काही मिळत नाही. पाच जणांत वाटले, तर प्रत्येकाला सेकंदाला ३४ किलोबाइट मिळतात आणि आपल्याकडून घेतलेला तुकडा लवकर पूर्ण होऊन तो पुढे इतरांना देता येतो.