मसाल्याची ड्राय जिन कशी घ्यायची? लिंबू-सोड्यात चव गेली

शाहूपुरीकर
भावानं येताना ड्युटी फ्रीतनं ओपिर नावाची जिन आणली, लेबलवर स्पाइस्ड पण आहे आणि लंडन ड्राय पण. शनिवारी मटणाचा बेत होता म्हणून उघडली. मी कायम रमवाला, त्यामुळं सवयीनं ६० मिली, वर सोडा, अर्धं लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ. वास लई भारी, टोपण काढलं की मिरी-वेलदोड्याचा डबाच उघडल्यागत. पण दोन घोटांनंतर जिभेवर काढ्यासारखं कडवट राहिलं. आणि मला वाटलेलं स्पाइस्ड म्हणजे घशाला झणका बसणार, तर तिखटपणा अजिबात नाही. मिरी घातलीय म्हणतात मग तिखट का नाही? आणि रस्स्याबरोबर चालते का ही?

पेठेतला
भावा, तिखटपणा वाफेबरोबर वर चढतच नाही. जिन म्हणजे दारूत मसाले टाकून परत ऊर्ध्वपातन करतात, त्यात मिरीचं वासाचं तेल उडून येतं पण मिरीला तिखट करणारं पायपरिन जड, ते खाली भांड्यातच राहतं. गुलाबपाण्यात जसा वास उतरतो आणि पाकळीचा तुरटपणा उतरत नाही तसंच. आणि लंडन ड्राय म्हणजे लंडनमध्येच केलेली असं नाही, ही इंग्लंडमधल्याच वॉरिंग्टन गावची आहे. लंडन ड्रायचा नियम असा की ऊर्ध्वपातनानंतर वरनं रंग-चव काही घालायचं नाही, साखर लिटरला ०.१ ग्रॅमच्या आतच. म्हणजे ती गोड रमसारखी लिंबू-मिठाला सांभाळून घेत नाही, जे टाकशील ते सरळ वर येतं.

मसाल्याचा डबा
दादा तो कडवटपणा जिनमधल्या कंकोळाचा असणार. विड्यात घालतो ना आपण, मिरीसारखा दाणा आणि मागं शेपटीसारखा देठ, तेच. चावलं की आधी मिरी वाटते, मग कापरासारखं गार आणि शेवटाला कडू. ह्या बाटलीत कंकोळ इंडोनेशियाचे, मिरी आपल्याकडची तेल्लिचेरीची आणि धने मोरोक्कोचे. कांदा-लसूण मसाला घरी करणाऱ्यांना हा वास लगेच ओळखू येतो. ह्यात लिंबाचा आंबट रस आणि वर मीठ टाकलं की धने आणि जिनमधल्या संत्र्यासारख्या फळांच्या सालींचा नाजूक वास दबतो आणि कंकोळ एकटाच उरतो.
संत्रं घ्या. रस नको, साल. सुरीनं दोन बोटं रुंद पट्टी काढायची, आतला पांढरा भाग येऊ द्यायचा नाही कारण तो कडू, आणि ग्लासवर धरून पिळायची, तेलाचे बारीक तुषार बर्फावर पडलेले दिसतात. मग तीच पट्टी आत टाकायची. ५० मिली जिनला १५० मिली थंडगार जिंजर एल (आल्याच्या चवीचा गोड सोडा), ग्लास वरपर्यंत बर्फानं भरलेला. बर्फ कमी घातला तर तो पटकन वितळून सगळं पाणचट होतं, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. तिखट हवंच असेल तर लाल ओली मिरची उभी चिरून एक फाक आत सोडा, तो झणका खरा मिरचीचा.

रंकाळ्याकाठी
जिंजर एलला माझा विरोध. त्यातली साखर ह्या ड्राय जिनला सरबत करून टाकते. साधं टॉनिक घ्या, त्यातल्या क्विनाइनचा कडूपणा स्वच्छ असतो, आल्याच्या दोन पातळ चकत्या घाला झालं. संत्र्याची साल मात्र शंभर टक्के, ताईंशी सहमत.
तांबड्याबरोबर नको, तांबड्यासमोर कुठलीच जिन टिकत नाही. पांढरा रस्सा. त्यात मिरी, वेलदोडा, नारळाचं दूध, सगळं आधीच ओळखीचं.

शाहूपुरीकर
काल दोन्ही करून बघितलं. मला टॉनिकचा जास्त आवडला, बायकोला जिंजर एलचा. मिरची टाकलेला ग्लास पाच मिनिटं ठेवला तर चांगलाच तिखट झाला, त्यामुळं फाक लवकर काढा. पण पांढऱ्याचा एक भुरका आणि त्यावर एक घोट, तिथं वेलदोडा असा काही पुढं आला की मी वाटी परत भरून घेतली. कडवटपणा आता नको वाटत नाही, विडा खाल्ल्यावर राहतो तसा वाटतोय.

मसाल्याचा डबा
आता एकदा मटण सुकं आणि टॉनिकवाला ग्लास करून बघा दादा, खोबरं जरा जास्त भाजलेलं असू द्या.