कलम १७(२): नियम रद्द झाले, कलम मात्र टिकले, हे कसे?

प्रश्न (फोंडा)

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ रोजी नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) विषयी दिलेल्या निवाड्यावर आम्ही गावच्या वाचनालयात चर्चा ठेवली आहे. प्रादेशिक आराखड्यातील (कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्यातील) अनवधानाने झालेल्या चुका सुधारण्यासाठी म्हणून २०२३ मध्ये जे नियम केले होते, ते न्यायालयाने रद्दबातल ठरवले. पण ज्या कलमाच्या आधारे ते केले होते, ते कलम मात्र घटनाबाह्य ठरवले नाही. आमच्यापैकी काहींना हा अर्धवट न्याय वाटतो. दुसरे असे की, हा जमिनीच्या झोनचा तांत्रिक वाद आहे की खरोखरच घटनात्मक प्रश्न आहे? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

पहिले उत्तर (वकील, म्हापसा)

प्रश्न घटनात्मकच आहे. विधानसभेने केलेला कायदा वैध आहे, असे गृहीत धरूनच न्यायालय सुरुवात करते. एखाद्या कलमाचे दोन अर्थ निघत असतील आणि त्यांतील एक घटनेशी सुसंगत असेल, तर न्यायालय तोच अर्थ स्वीकारते. कलम रद्द करणे हा अखेरचा उपाय असतो. कलम १७(२) च्या शब्दांप्रमाणे तो अधिकार चुका आणि विसंगती दुरुस्त करण्यापुरता आहे. त्याचा वापर करून मूळ आराखड्याचीच मोडतोड करता येणार नाही, अशी मर्यादा घालून न्यायालयाने ते कलम ‘रीड डाऊन’ केले.

नियमांचे तसे नसते. ते सरकार मूळ कायद्याखाली करते आणि त्यांना मूळ कायद्याच्या पुढे जाता येत नाही. येथे नेमके तेच घडले होते. जमीनमालकाने अर्ज करावा आणि एखाद्या सर्वे क्रमांकाखालची भातशेती किंवा बागायत वसाहत क्षेत्रात जावी, पण शेजारच्या शेतकऱ्याला आणि ग्रामसभेला हरकत घेण्याची संधीच मिळू नये, अशी ती पद्धत होती. २०२१ चा प्रादेशिक आराखडा गावोगाव चर्चा होऊन तयार झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी या संस्था न्यायालयात का गेल्या ते कळते. लोकांना विचारून केलेला आराखडा लोकांना न विचारता तुकड्यातुकड्याने बदलणे ही मनमानी आहे, आणि घटनेचा अनुच्छेद १४, म्हणजे कायद्यापुढील समानतेचा हक्क, मनमानीच्याच आड येतो. त्यामुळे मला हा न्याय अर्धवट वाटत नाही. कलम कागदावर राहिले, पण ज्यासाठी ते वापरले जात होते तो मार्ग बंद झाला.

दुसरे उत्तर (मडगाव)

चर्चेत २०२१ चा पालिका प्रभाग आरक्षणाचा निवाडाही अवश्य घ्यावा. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचे आरक्षण उच्च न्यायालयाने १ मार्च २०२१ रोजी रद्द केले आणि १२ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. अनुच्छेद २४३-टी प्रमाणे महिलांना किमान एक तृतीयांश जागा द्याव्याच लागतात. मडगावात २५ प्रभाग आहेत; त्यांचा तिसरा हिस्सा आठपेक्षा थोडा अधिक होतो, म्हणून तेथे ८ जागा पुरत नाहीत, ९ द्याव्या लागतात. निवडणुकीच्या कामात न्यायालयाने पडू नये, असे अनुच्छेद २४३-झेडजी सांगतो आणि सरकारची भिस्त त्यावरच होती. तरीही घटनेने सांगितलेले आरक्षणच डावलले जात असेल, तर न्यायालयाला हात बांधून बसता येत नाही, हे या प्रकरणात स्पष्ट झाले. कायदा सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार होता, तेही सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. सरकारी सेवेतील अधिकारी हे स्वतंत्र पद सांभाळू शकत नाही, हा दंडक तेव्हापासून साऱ्या देशाला लागू झाला. एवढ्याशा गोव्यातील वादातून हे घडले, याचा मला अभिमान वाटतो.

तिसरे उत्तर (पणजी)

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, पण त्यांवरून न्यायालय नेहमी नागरिकांच्याच बाजूने कौल देते असा समज होऊ नये. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. त्याआधी मार्चमध्ये मगोपच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तिघांपैकी दोघे गेले होते. सभापतींनी अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी याच खंडपीठाने तो निर्णय उचलून धरला. घटनेच्या दहाव्या परिशिष्टातील (पक्षांतरबंदीच्या तरतुदीतील) चौथ्या परिच्छेदाप्रमाणे दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरणास संमती दिली की विलीनीकरण झाले असे मानायचे. मूळ पक्ष प्रत्यक्षात विलीन होण्याची गरज नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. शब्दांना धरून हा अर्थ बसतो, हे मी नाकारत नाही. परंतु पक्षांतर रोखण्यासाठी केलेली तरतूद घाऊक पक्षांतराला संरक्षण देते, हे मतदार म्हणून मला पटत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी पुन्हा तीच वाट धरली.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. १७(२) चा हाच निवाडा त्याच कायद्याच्या कलम ३९-अ खालील झोनबदलांनाही लागू होतो, असे गावात बोलले जाते. ते बरोबर आहे का?

पहिले उत्तर देणारे वकील

थेट लागू होत नाही. ३९-अ हे २०२४ मध्ये घातलेले स्वतंत्र कलम आहे आणि त्यात हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून सरकार ते वेगळे आहे असेच म्हणेल. मात्र एकेका भूखंडापुरता बदल करून आराखडा पोखरता येतो का, हा मुद्दा तेथेही तितक्याच जोराने मांडता येतो. चर्चेत ही दोन कलमे स्वतंत्रपणे घ्यावीत आणि निवाड्याची प्रत समोर ठेवावी. ती उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.